कीटो सोसत नाही, की मीठ कमी पडतंय?

प्रश्न : वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ९१ किलो, दिवसभर बैठं काम. तीन वर्षांपासून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची एकत्र गोळी रोज सकाळी घेतो. गेल्या महिन्यात एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.२ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ऑफिसातल्या एका मित्राने कीटो (कर्बोदकं जवळजवळ बंद करून शरीराला चरबीवर चालवणारा आहार) करून वजन उतरवलं होतं, त्याचा तक्ता व्हॉट्सॲपवर मिळाला आणि मीही सुरू केलं. सकाळी दोन मोठे चमचे तूप घातलेली काळी कॉफी, दुपारी शंभर ग्रॅम पनीर, रात्री तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि काकडी. बीपी आहे म्हणून मीठ जवळजवळ बंद केलं. पहिल्या आठवड्यात ३.५ किलो उतरले, मग काटा थांबला. चौथ्या दिवसापासून डोकं दुखतंय, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तोंडाला वेगळाच वास येतो. मित्र म्हणतो, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, सहन कर." आई म्हणते, "भाकरीवर वाढलेलं शरीर आहे, ते हे कसं ऐकेल?" बाराव्या दिवशी एका साखरपुड्यात श्रीखंड-पुरी झाली. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर १८७, आणि दुसऱ्या दिवशी वजन १.६ किलोने वर. आता चरबीपासून बनणारे केटोन दाखवणाऱ्या लघवीच्या पट्टीचा रंगही फिका येतोय. माझं शरीर कीटोला नाही म्हणतंय का? सोडू की रेटू?

उत्तर :

सोडण्या-रेटण्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रात सगळ्यांत आधी खटकली ती सकाळची गोळी, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

घरी बीपीचं मशीन असेल तर आजच हे करा. पाच मिनिटं आडवे पडून राहा आणि बीपी मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने परत मोजा आणि तीन मिनिटांनी पुन्हा. शेजारी कुणीतरी असू द्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, किंवा वरचा आकडा शंभराच्या खाली गेला, तर तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. हे आकडे सांगा आणि "दोन आठवड्यांपासून कर्बोदकं दिवसाला ३० ग्रॅमच्या आत आणली आहेत, मीठही बंद केलंय" हे वाक्य आवर्जून सांगा. गोळी कमी करायची, बदलायची की काही दिवस थांबवायची ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही परस्पर बंद करू नका. सोबत रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या.

हे एवढ्या घाईने का, ते सांगतो. इन्शुलिन साखर सांभाळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायलाही सांगत असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पोळी-भात बंद झाला की इन्शुलिनची पातळी उतरते, मूत्रपिंडं सोडियम सोडू लागतात आणि सोडियमबरोबर पाणी जातं. पहिल्या आठवड्यात रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं असेल, ते यामुळेच. आता तुमच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइडही नेमकं हेच काम करतं, त्यासाठीच ते दिलेलं असतं. आणि तिसरीकडून तुम्ही मीठ तोडलंत. अंगातलं पाणी घटलं, रक्तदाब खाली आला, उभं राहताना मेंदूपर्यंत रक्त पोचायला क्षणभर उशीर होतो. डोकेदुखी, अंधारी, पोटऱ्यांतले गोळे, सगळं इथून सुरू झालंय. इंग्रजीत याला 'कीटो फ्लू' म्हणतात, पण फ्लूशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून मित्राचा 'घाण बाहेर पडतेय' हा खुलासा मला निव्वळ चुकीचा नाही, धोक्याचा वाटतो. घाण म्हटली की माणूस सहन करतो. मीठ म्हटलं की भरून काढतो. बाहेर पडतंय ते मीठच. मित्र बीपीची गोळी घेत नसेल तर त्याला जे चार दिवसांत निभावलं ते तुम्हाला निभावेलच असं नाही.

बीपीचे आकडे ठीक असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पूर्वी घरच्या भाजी-आमटीत असायचं तेवढं मीठ आधी परत सुरू करा. ज्यांना बीपी, किडनी किंवा हृदयाचा काही त्रास नाही, त्यांनी पहिले दोन आठवडे त्याहून थोडं जास्त घ्यायला हरकत नसते : दिवसातून दोन वेळा पेलाभर पातळ ताक किंवा गरम सूप, प्रत्येकात पाव चमचा मीठ. सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण सहा ग्रॅम मीठ आणि त्यात २,३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, तेव्हा पाव चमच्याने पावणेसहाशे मिळालं. सैंधव घेतलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यात वेगळी जादू नाही. मात्र दुकानात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं ते तुम्ही अजिबात वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात साठवतं, आणि दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. नुसतं पाणीही लिटरमागून लिटर पिऊ नका. मीठ कमी असताना पाणी वाढवलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं आणि डोकं जास्त दुखतं. तहानेप्रमाणे प्या, दोन-अडीच लिटर पुष्कळ झाले.

आता काटा. पहिल्या आठवड्यातले ३.५ किलो कशाचे? एक किलो चरबी जळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. साडेतीन किलोंना जवळपास २७,०००, म्हणजे रोज ३,८५० ची तूट. बैठं काम करणारं तुमच्या वजनाचं शरीर दिवसभरात एवढं जाळतच नाही. गेलं ते मुख्यतः पाणी. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० च्या आसपास ग्लायकोजेन (ग्लुकोजचा राखीव साठा) असतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बाळगून असतो. तो साठा उतरला की दीड-दोन किलो इथेच गेले. वर मिठाबरोबर गेलेलं पाणी, आणि आतड्यांत नेहमीपेक्षा कमी अन्न. चरबी अर्धा-पाऊण किलो गेली असेल तर छान झालं म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात काटा 'थांबला' तो पाणी जायचं संपलं म्हणून. चरबीचा हिशेब आता कुठे सुरू होतोय. आठवड्याला अर्धा किलो हा त्यातला चांगला वेग. तो काट्यावर दिसायला तीन-चार आठवडे जावे लागतात, तोवर बेंबीच्या पातळीवर टेपने कमर मोजा.

श्रीखंड-पुरीनंतर चढलेले १.६ किलोही याच खात्यातले. साखरपुड्याच्या ताटात दीडशे ग्रॅम कर्बोदकं सहज जातात. ती ग्लायकोजेन म्हणून साठली, तिप्पट पाणी घेऊन बसली, इन्शुलिन वाढल्याने मूत्रपिंडांनी मीठही धरलं. नेहमीच्या जेवणावर आलात की दोन ते चार दिवसांत ते उतरतं. त्याची भरपाई म्हणून कडकडीत उपास काढायला जाऊ नका.

१८७ चा अर्थ थोडा नाजूक आहे. काही दिवस कर्बोदकं नसली की स्नायू चरबीवर चालायला लागतात आणि ग्लुकोज मेंदूसाठी राखून ठेवतात. स्वादुपिंडही इन्शुलिनचा एकदम मोठा डोस सोडायच्या तयारीत नसतं. अशात अचानक गोड आलं की निरोगी माणसाची साखरही नेहमीपेक्षा वर जाते. म्हणूनच ग्लुकोज पिऊन करायच्या चाचणीआधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं खायला सांगतात. तुमची एचबीए१सी आधीच ६.२ होती, त्यामुळे या आकड्यात तिचाही वाटा असणार, तो मी नाकारत नाही. पण एका ताटावरून मधुमेहाचं निदान होत नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा, ती खरं सांगेल.

आईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चूक अर्धं आधी घेऊ : केटोन बनवायची सोय प्रत्येक शरीरात जन्मापासून असते, पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्लेल्यातही. रात्री आठला जेवून सकाळी आठपर्यंत काही खाल्लं नाही तरी थोडे केटोन तयार होतातच. कर्बोदकं तुटली की दोन-चार दिवसांत यकृतातला साठा उतरतो आणि यकृत चरबीपासून केटोन करू लागतं. गंमत म्हणजे ते स्वतः केटोन वापरू शकत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइम त्याच्याकडे नसतं. पंगतीत वाढणाऱ्यासारखं ते सगळ्यांना वाढतं आणि आपण मागे राहतं. मेंदूला एरवी दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवलं की पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या माणसाच्या मेंदूची सुमारे दोन तृतीयांश गरज केटोन भागवतात. उरलेलं ग्लुकोज यकृत प्रथिनं, चरबीतलं ग्लिसरॉल आणि लॅक्टेट यांपासून घरच्या घरी बनवतं. तांबड्या पेशींना फक्त ग्लुकोजच चालतं, आणि त्यांनाही ते अशा प्रकारे मिळत राहतं. कीटोवर उपासाइतके केटोन होत नाहीत, पण रीत तीच. 'मेंदूला साखर लागतेच, म्हणून रोज थोडी खाल्लीच पाहिजे' असं जे म्हणतात त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही.

आईंचं बरोबर अर्धं असं की या बदलाला वेळ लागतो आणि तो सगळीकडे एकाच वेगाने होत नाही. केटोन तीन-चार दिवसांत दिसतात, मेंदू दोनेक आठवड्यांत सरावतो, स्नायूंना चरबीवर नीट चालायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर जिना चढताना पाय जड वाटणं, रोजच्या चालण्यात दम लागणं हे अपेक्षित आहे. व्यायाम निम्म्यावर आणा. सरावल्यानंतरही जोरात पळणं किंवा टेकडी झपाट्याने चढणं जरा मागेच राहतं, कारण तसल्या कामाला ग्लुकोजच लागतं.

पट्टी फेकून दिलीत तरी चालेल. लघवीची पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट हा एक केटोन ओळखते, तोही शरीराने वापरून उरलेला. सराव होत गेला की मूत्रपिंडं केटोन वाया घालवत नाहीत, शिवाय रक्तात बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या दुसऱ्या केटोनचं प्रमाण जास्त असतं आणि पट्टीला तो दिसतच नाही. भरपूर पाणी प्यायल्यावरही रंग फिका येतो. म्हणजे रंग उतरणं ही बऱ्याचदा चांगलीच खूण. (ऐन बाराव्या-तेराव्या दिवशी तो फिका आला असेल तर श्रेय श्रीखंडाचं.) तिसरा केटोन ॲसिटोन, तो श्वासावाटे जातो, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास त्याचाच. काही आठवड्यांत ओसरतो. जीभ घासा, बडीशेप चघळा.

आता ताट. तुमच्या तक्त्यात दिवसाला चाळीस ग्रॅमसुद्धा प्रथिनं होत नाहीत : पनीरमधून अठरा-वीस, तीन अंड्यांतून अठरा. तुमच्या उंचीला ८५ ते १०० ग्रॅम हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. तीन अंडी, दीडशे ग्रॅम पनीर, वाटीभर दही आणि दोनशे ग्रॅम बांगडा किंवा चिकन घेतलं की नव्वदच्या आसपास जाता. सामिष चालत नसेल तर पन्नास ग्रॅम सुके सोया चंक्स २५ ग्रॅम प्रथिनं देतात, त्यातली दहाएक ग्रॅम कर्बोदकं मोजा. 'प्रथिनांची साखर होते' म्हणून घाबरू नका. यकृत गरजेपुरतीच करतं. उलट कॉफीतलं तूप मात्र काढा. दोन मोठे चमचे म्हणजे अडीचशे कॅलरी. तुम्हाला अंगावरची चरबी जाळायची आहे ना, मग कपातली आधी कशाला? फोडणीला आणि भाजीवर लागेल तेवढं तूप-तेल पुरे.

काकडी सोडली तर तुमच्या तक्त्यात भाज्या नाहीतच. मेथी, पालक, अंबाडी, फ्लॉवर, कोबी, दुधी, दोडका, वांगी, भेंडी, कारली : दोन वेळा मिळून चारशे ग्रॅम खाल्ल्या तरी तंतू वगळून पंधरा-वीस ग्रॅमच कर्बोदकं होतात. वर ओलं खोबरं, दाण्याचं कूट, तिळाची चटणी. बद्धकोष्ठ झालं तर रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात. आपल्याकडे फसवणूक दोन ठिकाणी होते. एक पिठलं : पोळी नाही म्हणून वाडगाभर पिठलं खाल्लं, तर पन्नास ग्रॅम बेसनातच तीसेक ग्रॅम कर्बोदकं गेली. दुसरा उपास. चतुर्थीला घरातून भगर आणि साबुदाण्याची खिचडी पुढे येते, हलकं म्हणून. साबुदाणा हा जवळजवळ नुसता स्टार्च, शंभर ग्रॅमला ८५ च्या पुढे, भगर धान्यासारखीच, रताळं-बटाटा वेगळे सांगायला नकोत. शेंगदाणे चालतात, पण मोजून मूठभर. डबा समोर ठेवून नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कीटो ही मुळात अपस्माराच्या (फिट्स येण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी तयार झालेली आहारपद्धती. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी ती मांडली, आणि तिथे केटोन तयार होणं हाच उपचार असतो. तुमचा हेतू वेगळा : वजन आणि साखर. त्यासाठी केटोन लागतातच असं नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी चरबीच्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने आणि कमी कर्बोदकांच्या गटाचं ६ किलोने उतरलं, फरक नगण्य. साखर आणि मैदा दोघांनीही कमी केला होता.

तेव्हा तुमच्यासमोर तिसरी वाट आहे आणि मला ती तुमच्यासाठी जास्त पटते : दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. कंसात त्यांचे ग्रॅम देतो : साठ ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (४०), एक वाटी आमटी (१५), भाज्या (१५), वाटीभर दही (७), मूठभर दाणे (५), एक पेरू (१४). भात, साखर, बिस्किटं, चहातला गूळ बंद. यात मीठ असं धडाधड जात नाही, आईंचा स्वयंपाक चालतो, साखरपुडा आला तर एका दिवसात सगळं कोसळत नाही. कडक कीटोच करायचं मनात असेल तर बीपीचा प्रश्न मिटल्यावर, मीठ-प्रथिनं सुधारून, सहा आठवड्यांची मुदत ठरवून करा. सुधारणा केल्यावर चार-पाच दिवसांत डोकेदुखी आणि अंधारी गेली नाही, तर मात्र रेटू नका.

हे वाचून सुरुवात करू पाहणाऱ्या इतरांसाठी. मधुमेहाच्या गोळीत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन असेल तर कीटो करूच नका. हल्ली ही औषधं दुसऱ्या गोळ्यांत मिसळूनही येतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ती चालू असताना कर्बोदकं तोडली तर रक्त आम्लधर्मी होण्याइतके केटोन साठू शकतात आणि ग्लुकोमीटरवरची साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, खोल आणि भरभर श्वास, गुंगी, यांतलं काही दिसलं की साखर कितीही असो, थेट रुग्णालय गाठायचं. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर पहिल्याच दिवशी झपकन खाली जाऊ शकते, त्यांचा डोस आधी बदलून घ्यावा लागतो. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, अंगावर पाजणं, किडनीचा आजार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज : यांत घरच्या घरी प्रयोग नाहीच.

तुमच्यासाठी आणखी एक. केटोन आणि यूरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर पडायला एकमेकांच्या आड येतात, आणि थायाझाइडही यूरिक ॲसिड वाढवतं. पहिल्या महिना-दीड महिन्यात पायाचा अंगठा सुजून लाल झाला तर तो चपलेचा त्रास समजून बसू नका, यूरिक ॲसिड तपासा. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आत्ता एकदा करून ठेवा आणि वजन स्थिरावल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, परत. ट्रायग्लिसराइड बहुधा उतरतील. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, काहींचं बरंच चढतं. तसं झालं तर तूप, चीज आणि खोबरं कमी करून शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलावर या, रोजची एक भाकरी परत आणा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा.